शनिवारची केळी

रात्रीचे साडेदहा वाजलेत. अंग आंबलंय, गुडघ्यांना तेल चोळून झालंय. झोपायच्या आधी सहज म्हणून आमच्या १९८६ च्या दहावीचा ग्रुप उघडला आणि झोप उडाली. आमच्या एका मित्राने आजचा फोटो टाकलाय. मागे दूधसागर धबधबा, पुढे तो, हातात सोललेलं केळं आणि ते घ्यायला हात लांब केलेलं माकड. खाली लिहिलंय, 'शनिवारी मारुतीरायाची सेवा घडली. धन्य झालो.' एकतीस जणांनी हात जोडलेत.

मी खाली काहीतरी लिहिलं. पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. ग्रुपवर तमाशा नको म्हणून इथे आले. तो इथेही आहे माझ्या यादीत. वाचेल. वाचू दे.

त्या फोटोत जे नाही ते मी सांगते.

आम्ही सातजण सकाळी गोव्यातल्या फोंड्याहून निघालो. उसगाव, धारबांदोडा, मोले, तिथून उजवीकडे कुळे. सातच का, तर जीपमध्ये सातच माणसं बसतात. (आठवी रुसून घरी राहिलीय, तिची समजूत हा वेगळा विषय.) निघताना बाजारात गाडी थांबवून या मित्राने दोन फण्या साल्दाटी केळी घेतली. छान पिकलेली, सालीवर काळे ठिपके आलेली. मला वाटलं आमच्यासाठीच. एक तोडायला हात घातला तर म्हणतो, "हीं आमचीं न्हय गो, मारुतीचीं."

सगळे हसलो. मीसुद्धा हसले, हे आत्ताच कबूल करून टाकते.

कुळ्याहून जीपचा प्रवास ज्यांनी केलाय त्यांना सांगायला नको. हाडं खिळखिळी होतात. ओहळात जीप उतरली आणि पाणी पायांशी आलं तेव्हा पंचावन्न वर्षांच्या बायका आम्ही दहावीतल्यासारख्या किंचाळलो. मग लाइफ जॅकेटं अडकवून दगडांतून चालणं. आणि मग तो समोर येतो. फेब्रुवारी आहे, पावसाळ्यातला गडगडाट आता नाही, तरी सुमारे ३१० मीटरवरून टप्प्याटप्प्याने उतरणारं पाणी बघून बोलणं आपोआप थांबतं. वर धबधब्याच्या कमरेला रेल्वेचा पूल. तेवढ्यात मालगाडी आली. मालगाडीत कोण असणार बघायला? तरी आम्ही सातहीजणांनी हात हलवले. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. माझ्या मते तो आमच्यासाठीच होता, यावर वाद नको.

इथपर्यंत दिवस सोन्यासारखा होता.

माकडं तिथे दगडांवर बसलेलीच असतात. आपली साधी माकडं, डोक्यावर केसांची टोपी असलेली. दक्षिणेकडच्या भारताबाहेर हे माकड रानात कुठे सापडत नाही, पण आपल्याला त्याचं काय कौतुक, आपल्याला घरकी माकड दाल बराबर. मित्राने पिवळ्या पिशवीतून केळी काढली. पिशवी चुरचुरली मात्र, आणि वीस-पंचवीस डोकी एकदम वळली. मी ते वळणं पाहिलं. केळं दिसायच्या आधी, नुसत्या आवाजाला. एका आईच्या पोटाला चिकटलेलं पोरसुद्धा मान वळवून त्या पिशवीकडे बघत होतं. तेव्हाच काहीतरी म्हणायला हवं होतं मी.

दोन फण्या पाच मिनिटांत संपल्या. फोटो निघाले. सेवा घडली.

त्यानंतर साधारण वीस मिनिटांनी एक मुलगी दगडांवरून उड्या मारत आमच्या बाजूने गेली. सहाएक वर्षांची, दोन वेण्या, अंगात पोहायचे कपडे, आईवडील चार पावलं मागे. तिच्या हातात पिशवी होती. पिवळी. आमच्यासारखीच, चुरचुर वाजणारी.

एक दांडगा नर खाली उतरला. घाई नाही, ओरडणं नाही, जणू आपलीच वस्तू न्यायला आलाय. त्याने पिशवी धरली. मोठं माणूस पिशवी सोडून देतं, पोर सोडत नाही. तिने दोन्ही हातांनी ओढली. त्याने दात दाखवून एक हिसका दिला, ती दगडावर आपटली, आणि कोपरापासून मनगटापर्यंत तीन लाल रेघा. नराने पिशवी उलटी केली. आतून निघाला एक निळा फ्रॉक. पोहून झाल्यावर घालायचा, कोरडा, घडी घातलेला. त्याने तो हुंगला, एक कोपरा चावून बघितला आणि फेकून दिला. तो पाण्यात पडला.

मुलगी रडत होती ती हातासाठी नाही, फ्रॉकसाठी. "माझा फ्रॉक गेला," एवढंच.

बेळगावची माणसं होती. आई थरथरत सगळ्यांना सांगत होती, "आम्ही काय सुदिक खायला दिलो नाही बघा. पिशवीत नुसते कपडे हाईत की." ती कोणाला सांगत होती? आम्हाला. आणि आम्ही मान हलवत होतो. आमचा मित्रही मान हलवत होता. 'नाही नाही, तुमची काही चूक नाही' असं मोठ्या मनाने तिला म्हणत होता.

नशीब आमच्यातली एक निवृत्त नर्स आहे. तिने कोणाच्या तरी बॅगेतला साबण मागून घेतला आणि बाटल्यांच्या पाण्याने त्या पोरीचा हात घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुतला. मध्येच कोणीतरी शहाणा म्हणाला, "गोव्यात रेबीज नाही आता, कशाला एवढं." २०२१ मध्ये गोवा रेबीजनियंत्रित जाहीर झाला, हो, आणि ते काम खरंच मोठं आहे. पण रानातल्या माकडाने बोचकारलं तर इंजेक्शनं घ्यावीच लागतात, आणि हा कोर्स महिनाभर चालतो. म्हणजे ती पोर बेळगावला जाऊन महिनाभर सुया टोचून घेणार. दूधसागर म्हटलं की तिला आयुष्यभर काय आठवणार, तुम्हीच सांगा. धबधबा?

ती माणसं घाईने जीपकडे गेली. आमचा जीपवाला बाजूला उभा होता. कुळ्याचाच पोरगा, तिशीतला. फार बोलणारा नव्हता. आमच्या मित्राकडे बघत, अगदी हळू म्हणाला, "पुण्य तुमकां, गाळी आमकां."

मित्राला ऐकू आलं नाही. किंवा आलं.

परतीच्या जीपमध्ये काय झालं सांगू? सगळे सुरू झाले. हे बाहेरचे पर्यटक येतात आणि आपल्या गोव्याची वाट लावतात. पुण्याचे चिप्स टाकतात, हैदराबादचे बाटल्या टाकतात, दिल्लीच्यांचं तर बोलूच नका. माकडांना यांनीच बिघडवलं. आमच्याच जीपमध्ये! पायाशी केळ्याच्या सालींचा गोळा! (साली मात्र आम्ही परत आणल्या हं, आम्ही सुशिक्षित.) कचरा बाहेरचे लोक करतात हे खोटं नाही, दर रविवारी दिसतं. पण आज त्या दगडावर केळं बेळगावने दिलं नव्हतं. फोंड्याने दिलं होतं. मराठी शाळेत शिकलेल्या, सकाळी रामरक्षा म्हणणाऱ्या, २०२० मध्ये मोले वाचवा म्हणून पोस्टर धरणाऱ्या फोंड्याने.

मोल्याचं निघालंच म्हणून. रेल्वेच्या दुसऱ्या रुळासाठी, चौपदरी रस्त्यासाठी, विजेच्या तारांसाठी रान तोडणार म्हणून आपण सगळे केवढे पेटलो होतो. बरोबरच होतं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली तेव्हा याच ग्रुपवर पेढे वाटल्याचे फोटो होते. मग जे रान वाचवायला घराबाहेर पडलो, त्या रानाच्या फाटकावरचा 'प्राण्यांना खायला घालू नका' हा साधा फलक आपल्याला वाचता येत नाही? की तो इतरांसाठी लिहिलेला असतो?

आता म्हणाल, रान कमी केलंत, मग ती बिचारी खाणार काय. ठीक आहे, रान कमी झालं, खाणींनी डोंगर पोखरले. मानलं. पण दूधसागरच्या भोवती रान आहे हो अजून. वड, उंबर, फणस, कोवळी पालवी, किडे, कोळी, सगळं खातं ते. त्याच्या गालात पिशव्या असतात. फळं त्यात कोंबून दूर नेतं, निवांत बसून चघळतं आणि बिया थुंकतं. अशी थुंकून थुंकून झाडं लावणारा हा गडी. त्याला आपण सकाळी नऊ वाजता जीपांची वाट बघत बसणारा केलंय. आईच्या पोटाला चिकटलेलं ते पोर आज उंबराचं झाड ओळखायला शिकलं नाही. पिशवीचा आवाज ओळखायला शिकलं.

'दोन केळ्यांनी काय होतंय' हे तर मला तोंडपाठ झालंय. दोन केळ्यांनी काही होत नाही, खरंय. एका जीपमध्ये सात माणसं, आणि शनिवार-रविवारी जीपांची रांग संपत नाही. प्रत्येकाचं दोनच केळ्यांचं असतं.

माझ्या मामाचं सत्तरी तालुक्यात कुळागर, म्हणजे बागायत, आहे. चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. नारळ, सुपारी, केळी, मिरी, जायफळं. लहानपणी आम्ही मे महिन्यात तिथे जायचो तेव्हाही माकडं यायची. मामा डबा बडवायचा, कुत्रं भुंकायचं, माकडं पळायची, चार नारळ जायचे. "तांचोय वांटो आसता," त्यांचाही वाटा असतो, म्हणायचा. आता मामा ऐंशीच्या पुढे आहे आणि हे वाक्य त्याच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही. आता माकडं डब्याला भीत नाहीत, फटाक्यालाही नाही. शहाळी कोवळी असतानाच तोडून टाकतात, केळीचा घड धरायच्या आत संपतो, मामी पाठ करून भाकरी थापते आणि मागच्या दाराने भात जातो. वर घाटात काय चाललेलं असतं? गाड्या कडेला थांबतात, काचा खाली होतात, पाव बाहेर पडतात. पोरं टाळ्या वाजवतात. तीच माकडं खाली मामाकडे येतात आणि माणूस दिसला की हात पुढे करतात. दिलं नाही तर घेतात.

दूधसागरचं माकड उठून सत्तरीत येत नाही, एवढी अक्कल मलाही आहे. पण शाळा एकच.

आणि पुढचं ऐका. माकडं, गवे, रानडुकरं यांनी वैतागलेला शेतकरी उद्या म्हणतो, मारायची परवानगी द्या. मग आपण शहरात बसून हळहळतो, किती हे क्रूर लोक. २०१६ मध्ये तर मोरालाही उपद्रवी ठरवायची भाषा याच गोव्यात झाली होती. मामाने उभ्या आयुष्यात माकडावर दगडसुद्धा नेम धरून मारला नाही, आवाज करायला मारायचा. गेल्या वर्षी त्याने मला विचारलं, "बंदुकीचं लायसन अजून देतात काय गो?" मला काय उत्तर द्यावं कळलं नाही. तुम्हाला कळलं तर सांगा. त्या केळ्याच्या फोटोखाली हात जोडणाऱ्या एकतीस जणांना तर नक्की कळेल.

माकडतापाचंही तसंच. १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या रानात सापडलेला हा आजार २०१५ मध्ये सत्तरीत आला. काजू गोळा करायला रानात जाणारी माणसं तापाने फणफणली, काही गेली. तो ताप माकड चावल्याने होत नाही, गोचिडीने होतो, माकडं स्वतःच त्याने मरतात. मामाच्या गावात मेलेलं माकड दिसलं की आजही लोक लांबून जातात आणि सरकारी दवाखान्यात कळवतात. ज्यांनी ते दिवस पाहिलेत ते माकडाला लांबूनच नमस्कार करतात. जवळ जाऊन केळं भरवायची हौस आपली, शहरातल्यांची.

पाणी पिऊन आले. थोडी शांत झालेय. वरचं वाचलं, जरा जास्तच चिडलेय, पण पुसत नाही.

मारुतीबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझे वडील दर शनिवारी रुईची माळ घेऊन जायचे, तेल घालायचे, येताना दारातल्या पोरांना प्रसाद वाटायचे. मारुतीच्या नावाने केळी द्यायची तर देवळाबाहेर खाणारी तोंडं काय कमी आहेत? आणि हौस म्हणून सांगते, मारुती बघायचाच असेल तर काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर बघावा. तो वर झाडात पानं खात बसतो, तुमच्या केळ्यासाठी सहसा खाली उतरत नाही. मला तरी तोच जास्त मारुती वाटतो.

आता त्या मित्राशी बोलते, कारण तू वाचतोयस हे मला माहीत आहे.

अरे, तू वाईट माणूस नाहीस. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात रात्री दोन वाजता गाडी काढून आला होतास, ते मी विसरले नाही. तुझ्या वर्गातून शिकून गेलेली पोरं अजून तुझ्या पाया पडतात. म्हणून तर राग आलाय. कोण्या अनोळखी माणसाने हे केलं असतं तर नाक मुरडून पुढे गेले असते. तू त्या आईला 'तुमची काही चूक नाही' म्हणालास ना, तेव्हा मला पुढचं वाक्य हवं होतं. नाही आलं. तुझं नाही आलं आणि माझंही नाही.

कारण एक गोष्ट मी वर नीट लिहिली नाही. ती पिवळी पिशवी माझी होती. फोंड्यातल्या साडीच्या दुकानातली, दिवाळीपासून घरात पडलेली. बाजारात तुझ्या हातात नुसत्या फण्या होत्या, मीच म्हटलं, "आण रे, घाल हिच्यात." जीपपासून दगडांपर्यंत ती पिशवी मीच वागवत आणली. तू मागितलीस, मी दिली. संपल्यावर रिकामी पिशवी तू परत दिलीस आणि मी तिची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मुलीचा हात धुताना पाण्याची बाटली काढायला पर्स उघडली तर तीच वर होती. मी ती खाली ढकलली. त्या बाईला दिसू नये म्हणून.

हे जीपमध्ये कोणालाच सांगितलं नाही. घरी सुनेलाही फक्त धबधब्याचं सांगितलं.

त्या फ्रॉकचं म्हणाल तर आमच्यातल्या एकाने काठीने ओढून काढला होता. ओला होता, पण गेला नव्हता. तोवर ती माणसं निघून गेली होती. जीपवाल्याने घेतला, "पळयतां, फाटकार मेळ्ळीं जाल्यार," म्हणाला, म्हणजे बघतो, फाटकावर भेटली तर. मिळाली का, माहीत नाही. आम्ही परत आलो तेव्हा पुढच्या सीटखाली काहीतरी निळं होतं असं मला वाटलं. विचारलं नाही.

बॅचच्या ग्रुपवर आत्ता आणखी एक मेसेज आलाय. 'पुढच्या महिन्यात तांबडी सुर्ला? शनिवारच धरा.' कदंबकाळातलं महादेवाचं देऊळ, मागे रान, बाजूला नदी, आणि माकडं तिथेही आहेत. सहाजणांनी अंगठा दाखवलाय.

मी अजून काही लिहिलेलं नाही.